पुढच्या मंगळवारी या

पोर्ट हारकोर्टच्या डिओबू भागात, टायरवाल्याच्या डोक्यावरच्या मजल्यावर इबिनाबोचं ऑफिस आहे. दारावर पाटी आहे, 'परदेशी प्रवेश सल्ला', आणि खाली लाल अक्षरांत, 'पेट्रोलियम इंजिनियरिंगसाठी आधी इथे विचारा'. सकाळी आल्या आल्या ती ओल्या फडक्याने बाकं पुसते, कारण रात्रभरात खिडकीतून काजळी येऊन बसलेली असते. खाड्यांमध्ये चोरीचं कच्चं तेल शिजवून पेट्रोल काढतात, त्याची काजळी. "घ्या, आमचं तेल आमच्याच बाकावर," असं पुटपुटत ती फडकं पिळते.

छप्पन्न वर्षांची बाई. चष्मा दोरीने गळ्यात, आवाज वर्गातल्या मास्तरणीचा. तिने आजवर नायजेरियाबाहेर पाऊल टाकलेलं नाही. पण पेट्रोलियमची मास्टर्स कुठे करावी हे विचारलंत, तर ती तुम्हाला जग फिरवून आणते. कुठल्या प्रयोगशाळेतलं खडक तपासायचं यंत्र दोन वर्षं बंद आहे, कुठला प्राध्यापक ईमेलला उत्तर देत नाही, कुठल्या विभागाने पाटीवरचा 'पेट्रोलियम' पुसून 'ऊर्जा' लिहिलंय आणि आत मात्र तेच जुने मास्तर बसवलेत, सगळं तिला ठाऊक. पोरं क्रमवारीचे कागद घेऊन येतात. ती ते कागद घेते, घडी घालते आणि टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवते.

मग पहिला प्रश्न विचारते, "परत यायचंय की नाही?"

सोबत आई असते, बाप असतो, त्यामुळे सगळी पोरं "हो तर!" म्हणतात. इबिनाबो उत्तर ऐकत नाही, पोराचं तोंड बघते. परत येणाऱ्यांची फाइल हिरवी, न येणाऱ्यांची निळी. आईबापांना वाटतं, रंग असाच असेल. आणि एक गोष्ट तिच्याकडे पक्की आहे, ती खोटं बोलत नाही. एक अक्षर नाही. तिने आयुष्यात एकदाच कुणाचा काटा काढला आणि तोही खरं बोलूनच काढला. त्याचीच ही हकीकत.

एकोणीसशे त्र्याण्णव साली ती चोवीस वर्षांची होती आणि पेट्रोलियम इंजिनियरिंगमध्ये विद्यापीठात पहिली आली होती. वाचनालयातली जाडजूड माहितीपुस्तकं चाळून तिने आठ ठिकाणी टपालाने अर्ज धाडले होते. टेक्ससमधल्या एका विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातात पडलं. तिच्या बेटावरच्या गावाजवळून, खाडीतून, ज्या कंपनीची पाइपलाइन जाते, ती कंपनी त्या वर्षी गावातल्या एका मुलाला परदेशात शिकवणार होती. इबिनाबोपेक्षा जास्त गुण असलेलं गावात कुणीच नव्हतं. फक्त एक कागद हवा होता. 'ही मुलगी आमच्या घराची' असं चीफच्या सहीचं पत्र.

इबिनाबो कालाबारी जमातीची, आणि कालाबारी माणसाचं घर म्हणजे चार भिंती नव्हेत. पाचपन्नास कुटुंबं, त्यांची एक मोठी लढाईची होडी आणि त्यांचा एक चीफ, मिळून एक घर. तिच्या घराचे चीफ इगोनीबो. उंच, गोरटेले, काळी गोल टोपी कधी डोक्यावरून न काढणारे. नाकावर माशी बसू देत नसत.

पहिल्या मंगळवारी गेली, तर चीफ झोपलेत. पुढच्या मंगळवारी या. दुसऱ्या मंगळवारी गेली, तर शिक्का कुणीतरी नेलाय. पुढच्या मंगळवारी या. तिसऱ्या मंगळवारी तिचे वडील अलालिबो बरोबर आले. होड्या कोरणारा माणूस. घराच्या मोठ्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, तीही त्यांनीच कोरलेली. त्यांनी रीतीप्रमाणे जिनची बाटली नेली होती. चीफनी बाटली घेतली, उभे राहिले, पूर्वजांची नावं घेऊन जमिनीवर धार धरली, स्वतः एक पेला घेतला, अलालिबोंना एक दिला. बाटली घेतली, पूर्वजांना वाहिली, म्हणजे मागणं मान्य झालं. तिथे लहान पोरालाही हे कळतं. अलालिबो हसत होते. लेकीकडे बघून त्यांनी भुवया उडवल्या.

चीफनी तोंड पुसलं. "अलालिबो, तुझी बायको लहान लग्नाची ना रे?"

कालाबारींत लग्नं दोन तऱ्हेची. मोठं लग्न लागलं, कापडं, मासे, मान, सगळं पुरं झालं, तर मुलं बापाच्या घराची. लहान लग्न लागलं, तर मुलं आईच्या. अलालिबोंनी लहान लावलं होतं आणि उरलेलं पुढच्या वर्षी करू, पुढच्या वर्षी करू म्हणत पंचवीस वर्षं काढली होती. गावातल्या निम्म्या पुरुषांनी हेच केलेलं. आजवर कुणी कुणाला विचारलं नव्हतं.

"पोरगी तिच्या आईच्या गावची," चीफ म्हणाले. "तिकडून पत्र आणा. या घराची नाही ती."

"चीफ, तुमच्या होडीची नाळ मी कोरलीय," अलालिबो म्हणाले.

"मग? सुताराला त्या दिवशी जेवायला घातलं होतं की."

आईच्या गावचे म्हणाले, नाव बापाचं लावता आणि पत्र आमच्याकडे मागता? तारीख निघून गेली. आठवड्याने कळलं, चीफांचा मुलगा बोमा कंपनीच्या खर्चाने चाललाय. तिसऱ्या खेपेला कसाबसा पास झालेला बोमा. अलालिबो त्या दिवसानंतर होड्या कोरायला बसलेच नाहीत. दीड वर्षात गेले. आई विहिरीवर जायची बंद झाली, कारण तिथे बायका 'लहान लग्नाची' म्हणून कुजबुजायच्या.

इबिनाबोच्या डोक्यात त्या दिवशी जी तिडीक उठली ती आजतागायत बसलेली नाही, आणि बसावी असं तिला वाटलंही नाही. स्वतःच्या लग्नाच्या वेळी तिने नवऱ्याला बजावलं, "आधी मोठं पुरं कर, शेवटच्या माशापर्यंत. मग मी उंबरा ओलांडते." त्या बिचाऱ्याला चार वर्षं लागली. ती थांबली. थांबणं तिला जमतं.

शाळेत पदार्थविज्ञान शिकवता शिकवता ती पोरांचे परदेशी अर्ज भरून देऊ लागली. स्वतःला जाता आलं नाही, म्हणून दुसऱ्यांना पाठवते, असं लोक हळहळून म्हणत. म्हणू देत. दरवर्षी एक तरी कालाबारी पोर ती बाहेर पाठवायची आणि प्रत्येकाला आधी विचारायची, "तुझा चीफ कोण?" तिला चोवीस वर्षं वाट बघावी लागली.

आठ वर्षांपूर्वी जिन्यावर काठीचा आवाज आला आणि दारात काळी गोल टोपी उगवली.

"मॅडम," चीफ इगोनीबो म्हणाले, "तुमचं फार नाव ऐकलंय. हा माझा नातू, टोन्ये."

त्यांनी तिला ओळखलं नव्हतं. ओळख न देण्याचं सोंग नव्हतं, खरंच ओळखलं नव्हतं. जिचा जन्म त्यांनी एका वाक्यात उसवला, तिचं तोंडही त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. इबिनाबोला हे सगळ्यात जास्त लागलं. ती उठली, फडक्याने खुर्ची पुसली आणि म्हणाली, "बसा ना चीफ. थंड पाणी घेणार?"

बोमा परदेशातून कागद घेऊन आला होता, कंपनीचा गावातला माणूस म्हणून मिरवला होता, आणि एका डिसेंबरात दारू पिऊन गाडी चालवताना रस्त्यावरच गेला होता. त्याचा हा एकुलता एक. बावीस वर्षांचा, बारीक, आजोबा बोलत असले की बुटांकडे बघणारा. गुण मात्र उत्तम.

"परत यायचंय की नाही?" इबिनाबोने नेहमीचा प्रश्न टाकला.

"हा काय प्रश्न झाला?" चीफच कडाडले. "माझ्यानंतर खुर्चीवर कोण बसणार? होडीच्या नाळेवर उभा कोण राहणार? शिकायचं आणि परत यायचं."

टोन्ये "हो" म्हणाला. इबिनाबोने त्याचं तोंड बघितलं. खणातून निळी फाइल काढली.

तिने दोन कागद टेबलावर ठेवले. मन तर आतून नाचत होतं, पण हात स्थिर होते. "हे स्कॉटलंडमधलं. एक वर्षाचं. वर्गात बसायचं, परीक्षा द्यायच्या. नाव चांगलं आहे. शिक्षण संपलं की तिथलं सरकार थांबू देत नाही, विमानात बसवतं. हे कॅनडातलं, अल्बर्टात. दोन वर्षांचं. प्रबंध लिहावा लागतो. वाळूतून तेल कसं काढायचं यावर ज्यांच्या हाताखाली काम करायचं ते प्राध्यापक मोठे आहेत. मी त्यांना लिहिलं की दोन दिवसांत उत्तर येतं. टोन्येचे गुण बघून ते शिष्यवृत्तीही देतील."

"चांगलं कुठलं?"

"शिक्षण म्हणून विचाराल तर दुसरं. कुठल्याही प्राध्यापकाला विचारा."

"मग पहिलं कुणासाठी असतं?"

"ज्यांना लवकर परतायचंय त्यांच्यासाठी. लहान अभ्यासक्रम आहे तो."

चीफनी काठी जमिनीवर आपटली. "आमच्या घरात लहान काही चालत नाही."

इबिनाबोने क्षणभर डोळे मिटले. चोवीस वर्षं जे वाक्य तिने मनातल्या मनात वेगवेगळ्या तऱ्हेने ऐकून बघितलं होतं, ते त्यांनी आपणहून, तिच्याच खुर्चीत बसून उच्चारलं होतं. तिने पेन पुढे केलं. पालकाची सही चीफनी झोकात केली.

चीफ जिना उतरत असताना टोन्ये मागे रेंगाळला. "आंटी, कॅनडात शिक्षण झालं की तीन वर्षं कामाची परवानगी मिळते. मग कायमचं राहता येतं. तुम्ही ते आजोबांना सांगितलं नाहीत."

"त्यांनी विचारलं नाही."

"पण तुम्हाला माहीत आहे."

"तुलाही माहीत आहे. अजून जिन्यातच आहेत ते. हाक मार आणि सांग." इबिनाबोने दाराकडे बोट दाखवलं.

टोन्ये दारापर्यंत गेला. काठीचा आवाज एकेक पायरी खाली जात होता. तो परत आला आणि म्हणाला, "तिथे थंडी फार असते का हो?"

"उणे तीस. आतून घालायचे कपडे इथून नेऊ नकोस, इथले काही कामाचे नाहीत."

पुढचं सगळं अगदी तिच्या कागदाप्रमाणे झालं. प्रबंध दोन वर्षांत झाला, नोकरी लागली, कायमचं राहणं झालं. नोकरीच्या ठिकाणी एक फिलिपिनो नर्स भेटली, नगरपालिकेत जाऊन दोघांनी सह्या केल्या, मुलगा झाला. टोन्ये दर ख्रिसमसला इबिनाबोला फोटो पाठवायचा, बर्फ, बाळ आणि बर्फ. गावाकडून बातम्या यायच्या त्या तिला फोटोंपेक्षा गोड लागायच्या. होड्यांच्या सणाला इगोनीबोंची होडी निघाली, पण नाळेवर पुतण्याचा जावई उभा होता आणि लोक हसले. चीफ आता पायरीवर बसून रस्त्याकडे बघतात. चीफ जेवत नाहीत. इबिनाबो अशा बातमीच्या दिवशी खालून भाजलेली केळी आणि मासा मागवायची आणि बोटं चाटूनपुसून खायची. हे चांगलं नाही हे तिला कळत होतं. पण बरं वाटायचं, आणि ते ती नाकारत नव्हती.

यंदाच्या फेब्रुवारीत, मंगळवारी, जिन्यावर काठी वाजली. एकेका पायरीला फार वेळ लागत होता. दारात चीफ उभे होते. टोपी हातात होती. उघडं डोकं तिने पहिल्यांदाच पाहिलं, अंड्यासारखं, मधोमध एक जुनी खोक. काखेत कागदात गुंडाळलेली बाटली होती.

"टोन्ये म्हणतो, आंटी सांगेल तसं करीन," ते म्हणाले. "तुम्ही लिहा त्याला. या सणाला तरी ये म्हणावं. नाळेवर उभा राहा म्हणावं. बाळाला आण, मी त्याचं नाव घरात घालतो. मग जा हवं तर."

त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. जिन. तीच हिरवी बाटली, अजूनही तशीच मिळते.

"बाळाच्या आईबापाचं लग्न कुठलं झालं, चीफ? मोठं की लहान?"

"तिकडचं... सह्यांचं."

"म्हणजे लहानही नाही. मग बाळ आईच्या घरचं. फिलिपिन्सहून पत्र आणा."

चीफनी मान वर केली आणि पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. "तू कुणाची गं?"

"अलालिबोची. ज्याने तुमच्या होडीची नाळ कोरली, त्याची."

बाकावरचे तीन विद्यार्थी मोबाइलमधून डोकी वर काढून बघत होते. चीफ हळूच खुर्चीत बसले. "लहान लग्नाची ती पोरगी," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता, नुसती आठवण होती. "तू तीन वेळा आली होतीस."

"तीन मंगळवार."

इबिनाबोने बाटली उघडली. खिडकीशी गेली आणि बाहेर, पत्र्यावर, धार धरली. मोठ्याने म्हणाली, "बाबा, तुमची आहे ही. ह्या माणसाने आणलीय." एक पेला स्वतः घेतला, एक चीफना दिला. चीफ प्याले. त्यांचे डोळे जरा चमकले. बाटली घेतली, पूर्वजांना वाहिली, म्हणजे मागणं मान्य झालं.

"आधी माझं पत्र," ती म्हणाली आणि कोरा कागद पुढे सरकवला. "तेव्हाचं राहिलेलं. लिहा, अलालिबोची मुलगी इबिनाबो आमच्या घराची."

"आता काय उपयोग त्याचा?"

"काही नाही. लिहा."

हात शहाऐंशी वर्षांचा. पाच ओळींना पाव तास लागला. शिक्का त्यांनी बरोबरच आणलेला होता, तो मात्र त्यांनी जोर लावून मारला. इबिनाबोने पत्र दोनदा वाचलं. नावावरून बोट फिरवलं. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही.

"आता टोन्येला लिही, पोरी."

"लिहिते. उत्तराला वेळ लागतो. पुढच्या मंगळवारी या."

चीफनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. मग ते उठले, टोपी हातातच ठेवून जिना उतरले.

तिने खरंच लिहिलं, त्याच दुपारी. खोटं बोलायचं नाही म्हणजे नाही. आजोबा जे म्हणाले ते जसंच्या तसं, टोपी काढली होती तेही. तासाभरात टोन्येचं उत्तर आलं. 'आंटी, मी येणार नाही. आलो तर आजोबा मला खुर्चीवर बसवतील आणि मला उठता येणार नाही. वडिलांचं काय झालं ते मी पाहिलंय. त्यांना तुम्हीच सांगा, माझ्याच्याने होत नाही. तुम्ही मला बाहेर काढलंत, ते माझ्यासाठी नव्हे, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी उपकार आहेत.'

इबिनाबोने चीफनी लिहून दिलेलं पत्र फ्रेम करून आणलं आणि टेबलामागच्या भिंतीवर लावलं. नवीन पोरं विचारतात, मॅडम, ही तुमची डिग्री का? ती हो म्हणते. तिने बोललेलं खोटं म्हणाल तर एवढंच.

पुढच्या मंगळवारी चीफ आले. ती म्हणाली, "पुढच्या मंगळवारी या." तिसऱ्या मंगळवारी तिने ठरवलं होतं, त्यांचंच वाक्य त्यांच्या तोंडावर फेकायचं, तो या घराचा नाही, आणि संपवायचं. वाक्य जिभेवर होतं. चीफ बाकावर दोन विद्यार्थ्यांच्या मध्ये बसले होते, गुडघ्यावर टोपी, कोटाला मागून काजळी लागलेली. त्यांचा नंबर आला तेव्हा ते उभे राहिले, एखाद्या उमेदवारासारखे.

"उत्तर आलं का गं?"

तिच्या लक्षात आलं की टोन्येचा नकार सांगितला तर उद्यापासून हा माणूस येणार नाही. पायरीवर बसेल आणि तिथेच संपेल. बत्तीस वर्षं ज्याला इथे असा उभा केलेला पाहायचं होतं, तो एका शब्दात हातातून जाईल. त्यांना आशेवर जिवंत ठेवतेय की आशेवर भाजतेय, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

"पुढच्या मंगळवारी या," ती म्हणाली.

"तुला तेव्हा वाटायचं का," चीफनी विचारलं, "की मी देईन?"

"दर मंगळवारी वाटायचं."

चीफनी मान हलवली. "हो. वाटतंच."

आज अकरावा मंगळवार. सकाळी आल्यावर इबिनाबोने सगळी बाकं पुसली, आणि दाराजवळचं, जिथे ते बसतात ते, दोनदा पुसलं. मग ती जिन्याकडे कान देऊन बसली.